कम्युनिटी हॉलातला बँड

आयोवा, नोव्हेंबर

ती. नाना आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. मक्याची कापणी उरकलीय, थंडीने जोर धरलाय. आईने दिलेलं मेतकूट अजून पुरतंय.

नाना, हे पत्र मुख्यतः तुमच्यासाठी. आमच्या गावच्या कम्युनिटी हॉलात महिन्यातून एका शनिवारी बिग बँडचा नाच असतो. शेजारच्या आजी मला ओढूनच घेऊन गेल्या. घडीच्या खुर्च्या, कॉफीचा बंब, घरून करून आणलेले केक. स्टेजवर मात्र थाट! पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्राँबोन, शिवाय पियानो, बास, ड्रम. वाजवणारे कोण, तर एक दातांचा डॉक्टर, दोन शेतकरी, शाळेतली काही पोरं, आणि म्होरके एक निवृत्त संगीतशिक्षक. ट्राँबोनवाल्या बाईंच्या हातात चक्क संडास तुंबल्यावर वापरतात ती रबरी वाटी, दांडा काढलेली. वाद्याच्या तोंडाशी तिची उघडझाप केली की ट्राँबोन माणसासारखा कुरकुरतो. आई, नाक मुरडू नकोस, कोरी असते म्हणे.

नाचाआधी लाकडी जमिनीवर पावडर भुरभुरवतात, म्हणजे बूट सरकतात. मग सगळ्या जोड्या हॉलभर फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या नेमक्या उलट्या दिशेने. फॉक्सट्रॉट म्हणजे दोन पावलं संथ, दोन झटपट. तरुण मंडळी उड्या फार मारतात. म्हातारे जेमतेम हलतात, पण एक मात्रा चुकत नाहीत. मला तेच बघायला आवडलं.

बिग बँडचा नामवंत म्होरक्या ग्लेन मिलर याच राज्यातला, १९०४ साली क्लॅरिंडात जन्मलेला. तिथे दर जूनमध्ये त्याच्या नावाने उत्सव भरतो. १९४४च्या डिसेंबरात तो इंग्लंडहून पॅरिसला निघाला आणि विमानासकट बेपत्ता झाला, तो आजतागायत. युद्धानंतर एवढ्या माणसांचे पगार आणि प्रवास परवडेनात, त्यात नाचघरांवर जबर कर, म्हणून मोठमोठे बँड मोडले. असे हौशी मात्र टिकलेत.

ऐकताना मला सारखे तुमचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा, आठवत होते. त्यांच्या ‘अलबेला’ सिनेमातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईत जाझचाच बँड चालवायचा ना? १९३५च्या सुमारास तर लिऑन ॲबीचा अमेरिकी बँडच ताजमध्ये येऊन वाजवत होता. म्हणजे तुम्ही ज्याला अस्सल अण्णांचा ठेका म्हणता, त्याची अर्धी सोयरीक इकडची. रागावू नका, उरलेली अर्धी आपलीच.

मध्यंतरात मी मास्तरांना हे सांगितलं तर ते कॉफी विसरून ऐकत बसले. त्यांना एखादं गाणं नोटेशनवर उतरवून बँडकडून बसवून घ्यायचंय. तेव्हा अण्णांची चार-पाच गाणी निवडून लगेच कळवा. ट्रम्पेट ठसठशीत हवा, आणि लय फार पळती नको. इथे नाचणारे बहुतेक सत्तरीपुढचे आहेत.

तुमचा,
सुहास