थोरल्याला निरोप

सातारा, २६ नोव्हेंबर २०२०

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांचे पत्र वाचले. परदेशी भुताखेतांच्या मालिकांपायी तरुण पिढी अंधश्रद्धेकडे वळत आहे आणि निदान डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी असल्या गोष्टींचे कौतुक होऊ नये, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या मालिकेच्या समाप्तीवरून त्यांना हे लिहावेसे वाटले, त्या ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन मालिकेचा मी गेली बारा वर्षे प्रेक्षक आहे, आणि आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान हाच विषय शिकवून निवृत्त झालो आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी कशा नांदतात, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर आपण कात्री लावालच. फक्त माझ्या थोरल्या भावासंबंधीचा मजकूर शक्य तो ठेवावा, ही विनंती.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १३ सप्टेंबर २००५ रोजी तिचा पहिला भाग अमेरिकेत दाखविला गेला आणि याच महिन्याच्या १९ तारखेला तीनशे सत्ताविसावा, म्हणजे अखेरचा. मालिकेचे जनक एरिक क्रिपकी यांनी पाच वर्षांपुरताच कथेचा आराखडा मनाशी धरला होता. प्रत्यक्षात ती पंधरा सीझन चालली. थोरला डीन आणि धाकटा सॅम विंचेस्टर हे दोघे सख्खे भाऊ. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी, सॅम सहा महिन्यांचा असताना, त्यांच्या आईचा एका पिवळ्या डोळ्यांच्या सैतानाने बळी घेतला. बापाने त्याचा सूड घेण्याचे वेड घेतले आणि दोन्ही मुलांना त्याच कामात वाढविले. पुढे हे भाऊ एका जुन्या काळ्या शेव्हरोले इम्पाला गाडीतून देशभर हिंडतात, वर्तमानपत्रांतून विचित्र मृत्यूंच्या बातम्या शोधतात आणि त्यामागच्या भुताचा किंवा पिशाच्चाचा बंदोबस्त करून पुढच्या गावाला जातात. पगार नाही, पत्ता नाही, कोणी आभार मानील याची खात्री नाही. जेन्सन ॲकल्स आणि जॅरेड पॅडलेकी हे दोन नट पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत याच भूमिकांत राहिले.

आमच्या घरात ही मालिका २००८ साली पेन ड्राइव्हवरून आली. माझा पुतण्या तेव्हा सांगलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता आणि सुट्टीला येताना कपड्यांबरोबर तो पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यावरचे भाग कोठून आले, हे विचारण्याची तेव्हा कोणाची पद्धत नव्हती. आता आम्ही रीतसर पैसे भरून पाहतो, एवढेच याबाबतीत सांगता येईल. ते दिवस भारनियमनाचे होते. या मालिकेत भूत जवळ आले की आधी दिवे फडफडतात, आणि आमच्या घरात भूत नसतानाही ते रोज ठरल्या वेळी फडफडून जात. त्यामुळे पहिल्या सीझनमधील बहुतेक थरार आमच्यापुरता वाया गेला. वीज परत येईपर्यंत अंगणात बसून पुढे काय होईल याचा तर्क लढवायचा, यातच खरी मजा होती. माझे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू, यांना इंग्रजी फारसे कळत नसे. त्यांचे गाड्या दुरुस्तीचे गॅरेज होते. ते केवळ त्या इम्पालासाठी येऊन बसत, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत आणि मध्येच विचारत, “थोरला काय म्हणतोय?” डीन आणि सॅम ही नावे त्यांनी कधी घेतलीच नाहीत. थोरला आणि धाकटा हीच त्यांची नावे, आणि पुढे घरातील सगळ्यांच्याच तोंडी ती बसली. मालिकेचे चित्रीकरण बहुतांशी कॅनडातील व्हँकुव्हरच्या परिसरात होत असे; तेथील ओली झाडी आणि धुके पाहून दादा दर वेळी म्हणत, “हे आपल्या पाचगणीच्या पुढचंच दिसतंय.”

आता अंधश्रद्धेच्या आक्षेपाकडे वळतो. पहिल्याच भागात रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांतील एक बाई रात्री गाडीवाल्यांना थांबवून घरी सोडायला सांगते, तेव्हा आमच्या घरातील एकही माणूस दचकला नाही. अशी बाई आमच्याकडे प्रत्येक घाटाला एक नेमून दिलेली असते. पुढे या भावांनी दारे-खिडक्यांच्या उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढली आणि भुतावर लोखंडी गज उगारला, तेव्हा माझ्या वृद्ध आईने शांतपणे सांगितले, “मग, बाळंतिणीच्या उशाशी विळा कशाला ठेवतात?” दृष्ट काढताना मीठ-मोहरी का घेतात, हे तिला अमेरिकेने समजावून देण्याची गरज नव्हती. मुंजा, हडळ, समंध, चकवा यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या समाजाला परक्या देशातील भुते बिघडवतील, ही भीती मला जरा अनाठायी वाटते. उलट या मालिकेतील भावांचा कामाचा रिवाज मी वर्गात उदाहरण म्हणून सांगितला असता तरी चालले असते. ते गावात शिरले की आधी कागदपत्रे पाहतात, वाचनालयात जुनी वर्तमानपत्रे चाळतात, शेजाऱ्यांच्या जबान्या घेतात, एक अनुमान चुकले की दुसरे मांडतात. त्यासाठी खोटी ओळखपत्रे दाखवितात, हा भाग मात्र मी वर्गात सांगितला नसता.

मालिकेत सगळेच चांगले होते, असे मी म्हणणार नाही. पाचव्या सीझननंतर, म्हणजे २०१० नंतर, कथा अनेकदा भरकटली आणि काही वर्षे तर आम्ही ती केवळ सवयीने पाहिली. त्याच पाचव्या सीझनमधील एका भागात जगभरातील देवता एका हॉटेलात जमतात आणि त्यांत काली आणि गणपती यांनाही माणसाच्या मांसाचे जेवण होत असलेल्या पंगतीत बसविले आहे. मी धार्मिक वृत्तीचा नाही. तरीही तो भाग पाहताना लेखकांनी पुस्तकाचे एक पानसुद्धा उलटण्याचे कष्ट घेतले नाहीत याचा संताप आला. दुसऱ्या सीझनमध्ये आपल्याकडचा राक्षस आणून त्याला विदूषकाचे सोंग दिले होते, ते मात्र गमतीदार होते.

माझ्या पुतणीची तक्रार याहून गंभीर आहे आणि तीही येथे नोंदविणे मला आवश्यक वाटते. चौथ्या सीझनमध्ये, २००८ साली, कॅस्टिएल नावाचा एक देवदूत कथेत आला. थोड्या भागांपुरते योजलेले हे पात्र मिशा कॉलिन्स या नटाने असे काही उभे केले की ते बारा वर्षे टिकले. या ५ नोव्हेंबरच्या भागात कॅस्टिएलने डीनवरील आपले प्रेम बोलून दाखविले आणि त्याच क्षणी त्याचा अंत झाला. त्यानंतरच्या शेवटच्या भागात त्याचे केवळ नाव निघाले. जगभरातील चाहते त्यावर चिडले आहेत, आणि त्यांत आमच्या घरातील एक आहे. साथीच्या निर्बंधांमुळे मूळ योजना बदलावी लागली, हे कारण सांगितले गेले. मार्चमध्ये दोन भाग शिल्लक असताना चित्रीकरण थांबले होते आणि ऑगस्टमध्ये सुरू होऊन ते सप्टेंबरमध्ये पूर्ण झाले, हे खरेच आहे. परंतु नट येऊ शकला नाही तरी दोन वाक्ये येऊ शकली असती, हे पुतणीचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.

शेवटाविषयी मात्र माझे आणि तिचे मतभेद आहेत. डीन विंचेस्टरने सैतानांशी, देवदूतांशी आणि प्रत्यक्ष ईश्वराशी झुंज दिली. आणि अखेरच्या भागात एका साध्या कामगिरीवर, गोठ्यासारख्या एका जुन्या कोठारात, खांबातून बाहेर आलेली लोखंडी सळई पाठीत घुसून तो मेला. पंधरा वर्षांच्या नायकाला असे मरण का, असा अनेकांचा प्रश्न आहे. माझ्या मते आधीची पंधरा वर्षे नीट पाहिली तर उत्तर त्यातच आहे. या भावांचे सारे अनर्थ एकाच कारणाने घडले, ते म्हणजे एकमेकांना जाऊ न देणे. २००७ साली सॅम मेला तेव्हा डीनने स्वतःचा आत्मा विकून त्याला परत आणले. पुढे सॅमला वाचविण्यासाठी त्याला न सांगता त्याच्या शरीरात एका देवदूताला शिरू दिले. सॅमनेही थोरल्याला सोडविताना अशी अरिष्टे मोकळी सोडली की सारे जग त्यात होरपळले. मालिकेचा नियम असा होता की ज्याचा जीव कशात तरी अडकला तो माणूस भूत होतो. आणि जिवंत असूनही सर्वांत अधिक अडकलेले हे दोघेच होते. शेवटी त्या कोठारात सॅम मदत आणायला निघतो, तर डीन त्याला थांबवितो आणि एवढेच मागतो की, सगळे ठीक आहे असे तू मला सांग. सॅम रडत सांगतो, ठीक आहे, तू आता जा. या वेळी सॅमने थोरल्याला परत आणायचे नाही असे ठरविले. तो संसार करतो, म्हातारा होतो, मुलाचे नाव डीन ठेवतो, आणि मरणशय्येवर तोच मुलगा बापाला तेच शब्द सांगतो.

महोदय, आमचे दादा या सप्टेंबरात साथीत गेले. रुग्णालयातून शेवटचे भेटताही आले नाही. दहाव्या दिवशी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, आम्ही मोजकेच पाच जण मुखपट्ट्या बांधून उभे होतो. पिंड ठेवून तास उलटला तरी कावळा शिवेना. अशा वेळी जवळची माणसे एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्याला त्याच्या अडकलेल्या इच्छेविषयी शब्द देतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुतण्या म्हणाला, “आईला मी सांभाळीन.” पुतणीने गॅरेज बंद पडू देणार नाही असे सांगितले. मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. कावळ्याच्या वागण्याची कारणे मी वर्गात अनेकदा समजावून सांगितली आहेत. तरीही मी पुढे झालो आणि म्हणालो, “दादा, गावाकडच्या विहिरीच्या हिश्श्याचं मी बघतो. तू जा आता.” कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला आणि आम्ही घरी आलो.

दोन महिन्यांनी, दिवाळी संपल्यावर, आम्ही तिघांनी दादांची खुर्ची तिच्या जागी ठेवून शेवटचा भाग पाहिला. सॅमच्या तोंडी ते शब्द आले तेव्हा पुतण्या उठून बाहेर गेला. मालिका लिहिणाऱ्यांना आपला दहावा दिवस ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि असे काही मी सुचवीतही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की त्या सळईच्या शेवटावर रागावलेल्या तरुण चाहत्यांशी बोलताना मला जे मांडता येत नव्हते, ते संगमावर मी स्वतः बोलून आलो होतो. गेल्या रविवारी आम्ही सातआठ चाहते साताऱ्यातील ‘चार भिंती’ या ठिकाणी अंतर राखून जमलो होतो, तेव्हाही ही गोष्ट मी सांगितली नाही. तेथे वाद कॅस्टिएलवरच रंगला, आणि तो रंगायलाच हवा होता.

पत्रलेखक सद्गृहस्थांनी डॉ. दाभोलकरांचे नाव घेतले आहे म्हणून एवढे म्हणतो. २०१३ साली त्यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो अंगात येते म्हणून, गुप्तधन काढून देतो म्हणून, भूत उतरवितो म्हणून माणसांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध आणि छळणाऱ्यांविरुद्ध आहे. गोष्ट सांगणारा माणूस पैसे घेऊन अंगारा देत नाही. या मालिकेच्या नादाने आमच्या ओळखीतील कोणी मांत्रिकाकडे गेल्याचे मी ऐकलेले नाही. एक जण मात्र जुन्या गाड्यांच्या नादी लागला, आणि त्याचे खापर मी दादांच्या माथी मारतो.

मालिका न पाहताच त्यांनी पत्र लिहिले असावे, असे त्यातील तपशिलावरून वाटते. त्यांची हरकत नसेल तर आपल्यामार्फत मी त्यांना घरी येण्याचे निमंत्रण देतो. पहिला भाग पाऊण तासाचा आहे. भीती वाटणार असेल तर दिवे चालू ठेवू. आम्हीही तो बहुतेक वेळा तसाच पाहिला आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)