टूल रेस्ट करताना: मुलीस पत्र

ऐरोली, नवी मुंबई

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात तू लाकूड कातायचा लेथ बसवलास, आणि त्याच्यासोबत आलेला बिडाचा सरळ टूल रेस्ट, म्हणजे कातताना हत्यार टेकवायचा आधार, वाडग्याच्या पोटात पोहोचत नाही, असे परवा फोनवर म्हणालीस. नवा विकत घ्यावा की करून घ्यावा, या तुझ्या प्रश्नाला मी लगेच "करून घे" असे सांगितले. पण करताना कुठे जपायचे आणि का जपायचे, हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेल्यामुळे लाकडापेक्षा लोखंडाशी माझा परिचय अधिक आहे, आणि रेस्ट हे लोखंडाचेच काम आहे.

आधी हे लक्षात घे की रेस्ट हा तरफेचा टेकू आहे. गॉजचे, म्हणजे पन्हळीसारख्या कातायच्या हत्याराचे, टोक रेस्टच्या पुढे २० मिमी असेल आणि तुझा मागचा हात रेस्टपासून ३०० मिमीवर असेल, तर लाकडाने टोकावर दिलेल्या झटक्याचा पंधरावा हिस्साच हातापर्यंत येतो. तेच टोक १०० मिमी पुढे गेले की तिसरा हिस्सा येतो, म्हणजे झटका पाचपट होतो. २५० मिमी व्यासाचा वाडगा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर वेगाने तुझ्या हत्यारासमोरून जाते. अशा वेळी हत्यार अडकले तर मनगटाला सावरायला अवधी मिळत नाही. वाडग्याच्या आत सरळ रेस्ट बाहेरच थांबतो आणि हत्याराला पुढे लटकावे लागते. म्हणून वाकडा रेस्ट ही चैनीची वस्तू मानू नकोस.

रेस्टचे दोन भाग: वरची आडवी पट्टी आणि तिच्याखालचा उभा दांडा. आधी दांड्याविषयी. तुझ्या लेथच्या बँजोचे, म्हणजे दांडा ज्यात बसतो त्या सरकत्या आधाराचे, भोक किती मिलिमीटरचे आहे ते व्हर्नियरने मोज, माहितीपुस्तकावर विसंबू नकोस. मध्यम आकाराच्या लेथना बहुधा २५ मिमीचा दांडा लागतो, पण दुकानात "एक इंची" म्हणून जो बार मिळतो तो २५.४ मिमी असतो, आणि भोक नेमके २५ चे असेल तर एवढ्याशा फरकाने तो आत जात नाही. काळा, गरम लाटलेला बार घेऊ नकोस. त्याच्यावर पापुद्रा असतो आणि तो पूर्ण गोलही नसतो. ब्राइट बार, म्हणजे थंड ओढलेला गुळगुळीत बार, माग. कळंबोलीच्या पोलाद मार्केटपर्यंत जायचे कारण नाही, कारण तिथला व्यवहार अख्ख्या लांबीचा आणि गाडीभर मालाचा. तुला फूट-दीड फूट हवा आहे, तो शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडच्या तुकड्यांतही सापडेल. दांड्यावर जिथे बँजोचा आवळायचा बोल्ट बसतो तिथे काही दिवसांत कच उठते आणि मग दांडा भोकात अडकू लागतो, म्हणून त्या बाजूला कानशीने आधीच एक उथळ सपाटी करून ठेव.

दांड्याची लांबी ठरवण्यापूर्वी बँजोच्या वरच्या कडेपासून स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या आसाच्या) केंद्रापर्यंतची उंची घे आणि तिच्यातून तुझ्या सर्वांत जाड हत्याराची जाडी वजा कर. दांडा पूर्ण खाली बसवल्यावर रेस्टचा माथा या मापाच्याही थोडा खाली उतरला पाहिजे, नाहीतर गॉजची धार केंद्रावर आणताच येणार नाही. तसेच रेस्ट सर्वांत वर उचललेला असतानाही दांडा निदान ५० मिमी भोकात राहिला पाहिजे, याचा हिशेब धर.

सर्वांत जास्त विचार वरच्या कडेचा कर, कारण रेस्टचे बरेवाईट तिथेच ठरते. नुसत्या माइल्ड स्टीलची कड चालते, पण हायस्पीड स्टीलच्या गॉजपुढे ती फार मऊ पडते. हायस्पीड स्टीलची कठीणता रॉकवेल सी मापावर ६२ ते ६५ असते आणि माइल्ड स्टील त्या मापावर नीट मोजताही येत नाही. परिणामी कडेवर बारीक खाचा पडतात, सरकणारे हत्यार प्रत्येक खाचेत क्षणभर थबकते, आणि ते थबकणे लाकडावर रेघेच्या रूपाने उमटते. यावर एक उपाय म्हणजे दर काही कामांनंतर कड कानशीने लांबीच्या दिशेने घासून पॉलिश पेपरने गुळगुळीत करणे. मला पटणारा उपाय दुसरा: पट्टीच्या माथ्यावर १० मिमीचा कठीण केलेला शाफ्ट बसवणे. ऑटोमेशनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे तो "लिनियर शाफ्ट" या नावाने मिळतो, त्याची पृष्ठभागाची कठीणता साठाच्या आसपास असते, आणि बहुतेक वेळा त्याच्यावर कठीण क्रोमचा मुलामाही असतो. हॅक्सॉने तो कापला जाणार नाही. ग्राइंडरची पातळ कटिंग चकती लागेल.

हा शाफ्ट मात्र कोणालाही वेल्डिंग करू देऊ नकोस. उष्णतेने त्याची कठीणता जाते, तडा जाण्याची भीती राहते आणि क्रोम जळून निघणारा धूर विषारी असतो. पट्टीच्या माथ्यावर उथळ खाच पाडून घे, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरबरीत कर, तेलाचा अंश थिनरने पुसून काढ आणि दोन भागांच्या इपॉक्सीने शाफ्ट चिकटवून रात्रभर आवळून ठेव. काम करताना हत्यार शाफ्टला खाली, खाचेतच दाबत असते, त्यामुळे हा जोड पुरेसा होतो. सरळ रेस्टसाठी पट्टी तीन-चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड घे आणि तिची तुझ्याकडची बाजू खालून तिरपी घासून घे, म्हणजे गॉजची मूठ खाली झुकवताना ती पट्टीला अडत नाही.

वाडग्याच्या आतल्या रेस्टला असा शाफ्ट वाकवता येत नाही, म्हणून तिथे १६ मिमीचा माइल्ड स्टीलचा गजच घ्यावा लागतो. तो लालबुंद तापवून पाइपाभोवती वळवायचा, आणि वळणाची त्रिज्या तुझ्या नेहमीच्या वाडग्याच्या आतल्या त्रिज्येपेक्षा कमी ठेवायची. कमान लांब करण्याचा मोह आवर; दांड्यापासून जितक्या दूर कापशील तितका दांडा पिळवटतो आणि थरथर वाढते. बांधकामाची सळई किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू नकोस. सळईवर उभ्या-आडव्या कडा असतात, आणि जस्ताच्या धुराने वेल्डरला थंडीताप भरतो.

वेल्डिंग शेजारच्या गाळ्यातल्या कारागिरांकडूनच करून घे, पण समोर उभी राहा. १९६२ साली एमआयडीसी सुरू झाली तेव्हापासूनची ही वसाहत आहे आणि तिथे उत्तम हात आहेत. तरी "काय मॅडम, लाकडाचंच तर काम आहे" म्हणून कोणी वरवर एक टाका मारून देईल, ते मान्य करू नकोस. दांड्याच्या टोकाला चहूबाजूंनी तिरपी धार मारून सांध्यात जागा करायला सांग, समोरासमोर दोन टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारून गुण्या लावायला सांग, आणि मग आळीपाळीने बाजू बदलत सांधा भरायला सांग, म्हणजे ओढ एकाच बाजूला बसत नाही. ३.१५ मिमीचा ६०१३ वेल्डिंग रॉड या जाडीला योग्य आहे. पाण्यात बुडवून थंड करू देऊ नकोस. हवेतच निवू दे. हा सांधा तुटला तर त्या क्षणी हत्यार आणि हात दोन्ही फिरत्या लाकडात जातात, एवढे मनात असू दे.

रेस्ट लावल्यावर लाकूड आणि कड यांत एक ते दोन सूत अंतर ठेव, मोटर लावण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून पाहा, आणि लाकूड उतरत जाईल तसा रेस्ट जवळ आणत राहा, मात्र मोटर बंद करूनच. ओढणी आणि मोकळे केस यांविषयी आईने तुला सांगितलेच आहे. चेहऱ्यावरची पूर्ण काच मी सांगतो. खाडीच्या हवेत पावसाळ्यात लोखंडावर दोन दिवसांत तांबूस गंज धरतो, म्हणून काम संपल्यावर कडेवर मेणाचा हात फिरव. त्याने गंजही थांबतो आणि हत्यारही सहज सरकते.

टॅक मारून झाल्यावर, सांधा भरण्यापूर्वी, गुण्या लावलेला दिसेल असा एक फोटो मला पाठव. बँजोच्या भोकाचे आणि केंद्राच्या उंचीचे माप आजच कळव, म्हणजे मी सरळ रेस्टचे रेखाचित्र मापांसह काढून ठेवतो.

तुझे,
बाबा