चावडीच्या पाटीवर नावं हवीत

संपादक महोदय,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची जुनी चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे. इमारत व्हावीच, पावसाळ्यात चावडीत बसायची सोय उरलेली नाही. पण चावडीच्या दर्शनी भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. ती 'काढून मागच्या शेडमध्ये ठेवू, पुढचं पुढे बघू' असं बैठकीत ठरलं. शेडमध्ये गेलेल्या वस्तूचं काय होतं, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. चौथीच्या मुलांना दरवर्षी त्या पाटीपाशी नेत असे. पाटी इंग्रजीत आहे. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, संपलं. सरकारने ज्या ज्या गावांत अशा पाट्या लावल्या तिथे मजकुराचा साचा हाच. मुलं हटकून विचारायची, "बाई, कोण कोण गेले?"

आमच्या घरातले एक मला ठाऊक होते. माझ्या आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ कूटच्या वेढ्यात होते, म्हणजे इराकातल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तिथे अडकल्या होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली आणि आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. शरण गेल्यावर वाळवंटातून चालवत नेलं, त्यात शेकड्यांनी मेले. आमच्याकडे त्याला नुसतं 'बसऱ्याला गेले' म्हणायचे. त्यांच्या बायकोला पुढे चांदीचा बिल्ला आला, एका बाजूला राजाचं तोंड. पुतणीच्या लग्नात तिने तो सोनाराकडे देऊन जोडवी करून घेतली. त्यात गैर काहीच नाही, घरात दुसरी चांदी होती कुठे? पण त्या बिल्ल्याच्या कडेला शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढी एकच जागा होती त्यांच्या नावाची, ती वितळली.

इराकातल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली हा भेदभाव झाल्याचं कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली. आपण कुणाची वाट बघतोय?

आपल्याच तालुक्यात नंदगडला १८३१ साली इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. तिथल्या वडापाशी लोक आजही नवस बोलतात, कुठल्या खात्याचा आदेश लागला नाही. बसऱ्याला गेलेले रायण्णासारखे वीर नव्हते, पोटासाठी भरती झालेले होते, तेही परक्या राजासाठी. म्हणूनच कदाचित त्यांची आठवण ठेवायला सगळ्यांनाच अवघड जातं. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत ते बसत नाहीत, सरकारी कार्यक्रमात तर नाहीतच. पण मेले ते आपल्याच वाड्यांतले, आपल्याच आडनावांचे.

नव्या इमारतीवर अध्यक्ष, सदस्य, आमदार आणि ठेकेदार यांच्या नावांचा काळा ग्रॅनाइट लागणार आहे, मापही ठरलंय. त्याच भिंतीवर ही पाटी पुन्हा बसवावी आणि खाली मेलेल्यांची नावं कोरावीत. मराठीत कोरा आणि कन्नडमध्येही कोरा, त्यावरून नवा वाद नको, आहेत तेवढे पुरेत. नावं शोधणं अशक्य नाही. त्या आयोगाच्या नोंदी संगणकावर कुणालाही बघता येतात, पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. गावांचं इंग्रजी स्पेलिंग मात्र वाट्टेल तसं केलंय, तेव्हा इथलाच माणूस हवा शोधायला. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये, म्हणजे मराठा पलटणींच्या लष्करी केंद्रातही विचारता येईल.

माझं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, स्क्रीनकडे फार वेळ बघवत नाही. कॉलेजची दोन मुलं तयार झाली आहेत. तालुक्यात ज्यांच्या घरी जुनं पेन्शनबुक, डिस्चार्जचा कागद किंवा न वितळलेला बिल्ला असेल त्यांनी त्याचा फोटो काढून आपापल्या पंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) अर्जासोबत द्यावा आणि पोच घ्यायला विसरू नये.

— एक निवृत्त शिक्षिका, ता. खानापूर, जि. बेळगाव