डीजे मोजताना बास सुटतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंडोनेशियातल्या ‘साउंड होरेग’चे, म्हणजे ट्रकवरच्या दणदणीत डीजेचे, व्हिडिओ सध्या इंदुरातल्या डीजेवाल्यांच्या मोबाईलवर जोरात फिरताहेत. ट्रकवर सबवूफरची (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) उंच भिंत, जोडीला जनरेटर आणि पूर्व जावातल्या खेड्यात छपरावरून घसरणारी कौले. १७ ऑगस्टला तिथला स्वातंत्र्यदिन. त्या सुमारास गावोगाव मिरवणुका निघतात आणि कोणाचा ट्रक जास्त हादरवतो याची चुरस लागते. वाजतात ती बरीचशी डांगडुट-कोप्लो या तिथल्या लोकप्रिय नाचगाण्यांची रिमिक्स. डांगडुटवर जुन्या हिंदी सिनेसंगीताची छाप आहे, त्यामुळे आपल्या पोरांना ती लगेच आवडतात यात नवल नाही.

खरी गोम अशी की या व्हिडिओंत तो आवाज ऐकूच येत नाही. मोबाईलचा माइक खालचा बास नीट पकडत नाही आणि आवाज चढला की फोन आपणच तो दाबतो. म्हणून चित्रण करणारे कॅमेरा काचेवर नाहीतर कौलांवर धरतात. बघणाऱ्याला नुसती गंमत दिसते.

तिथे जुलै २०२५ मध्ये पूर्व जावाच्या उलेमा परिषदेने याविरुद्ध फतवा काढला. ऑगस्टमध्ये गव्हर्नर, पोलीस आणि लष्कराने मिळून मर्यादा घातली: एका जागी उभ्या यंत्रणेला १२० डेसिबल, फिरत्या ट्रकला ८५. यातला १२० आम्हाला भयंकर वाटतो. ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास सोसवतो असे धरले, तर पुढच्या दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० ला पंधरा मिनिटे, १२० ला दहा सेकंदही नाहीत.

आपल्याकडे २००० सालच्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि डिसेंबर २०२३ पासून लाउडस्पीकरबाबत राज्य सरकारचा कडक आदेशही आहे. पण ही मोजणी मीटरच्या ‘ए’ पट्टीवर (माणसाच्या कानाला धरून बेतलेल्या मापावर) होते, आणि ती ५० हर्ट्झचा बास सुमारे ३० डेसिबलने कमी दाखवते. टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) बारीक करून नुसते सबवूफर दणाणवले तरी आकडा सभ्य राहतो; सराफ्यातल्या जुन्या माड्यांची तावदाने मात्र खडखडतात. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते, तिला बंद खिडकी काय अडवणार? मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. राजवाड्याजवळच्या गल्लीबोळांत दोन्हीकडच्या भिंती तेवढाही दिलासा देत नाहीत.

तेव्हा रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (चित्ररथांना) प्रशासनाने घराच्या भिंतीपाशी ‘ए’ आणि बास फारसा न कापणारी ‘सी’ अशा दोन्ही पट्ट्यांवर आवाज मोजावा. ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा १५-२० डेसिबलने वर गेला, तर बास जास्त आहे असे समजून सबवूफर कमी करायला लावावेत. सोपा उपाय हवा असेल तर परवान्यावरच सबवूफरची संख्या लिहावी. ती मोजायला मीटर लागत नाही.

— ध्वनियंत्रणेचे काम करणारे काही जण, रामबाग, इंदूर