तुंबडी लावायची म्हणतोस

पुणे, २ डिसेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची घाई चालली होती. मागे मशीनची धडधड, त्यामुळे तुझं निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं. एवढं कळलं, की द्राक्षाच्या घडातले मणी विरळ करायचं थिनिंग सुरू झाल्यापासून तुझी मान आणि उजवा खांदा पार धरलाय, कुणीतरी मोबाइलवर आतली हवा ओढून पाठीला कप चिकटवतात त्याचा व्हिडिओ दाखवला आणि आता तसा सेट मागवायचं तुझ्या मनात आहे. वहिनी लावून देते म्हणाल्यात. आणि मग फोन ठेवता ठेवता तू सहज बोलून गेलास, "कधीकधी करंगळीपर्यंत मुंग्या येतात रे." तू विसरलाही असशील, पण मी तिथेच अडकलोय.

तेव्हा आधी मुंग्यांचं बोलू. स्नायू आखडला की दुखणं मानेपासून खांद्यापर्यंत पसरतं, दाबलं की कळ येते, शेकलं की बरं वाटतं. बोटांत मुंग्या उतरायला लागल्या की मात्र मानेत किंवा कोपरात कुठेतरी नस दाबली जात असण्याची शक्यता असते, आणि ती नस कपाने मोकळी होत नाही. माझी पुतणी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, तुला माहीत आहेच. तिला रात्री फोन करून विचारलं. ती म्हणाली, काकांना आधी घेऊन या, कपबिप नंतर. हाताची पकड ढिली पडली, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, चालताना पाय लटपटले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तिच्याकडेही थांबायचं नाही, थेट मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, तरीही तेच. आणि काम करताना छाती भरून आली, घाम फुटला आणि हात दुखायला लागला, तर तो खांदा समजून बागेत बसून राहू नकोस. आपलं वय आता तसलं झालंय.

एवढं झाल्यावर कपांचं बोलायला मी मोकळा.

मी ते वापरतो हे तुला कुणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक आमच्या हिने, सुनंदानेच, वहिनींना सांगितलं असणार. कंपोझिंगमध्ये आयुष्य गेलं. आधी मान खाली घालून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग मान पुढे काढून कॉम्प्युटर बडवला. मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंतचा तो जाड स्नायू असतो ना, तो दोन्ही बाजूंनी दगड झालेला. गोळ्या घेतल्या तर पोटात आग पडायची. पुतणीने व्यायाम दिले आणि सोबत एक कपांचा सेटही दिला, प्लॅस्टिकचे पारदर्शक कप आणि पिस्तुलासारखा एक हातपंप. हजाराच्या आत येतो.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम असतो. मी पोटाखाली उशी घेऊन पालथा पडतो. सुनंदा खोबरेल तेलाचा हात फिरवते, मग कप टेकवते आणि पंपाचा खटका ओढते. कातडी आत उचलली जाते, फुगते, आधी गुलाबी होते, मग लालसर. माझ्या पाठीवर केस आहेत, त्यामुळे कडेने हवा शिरते आणि कप फुस्स करून निसटतो. मग तिची चिडचिड, पुन्हा तेल, पुन्हा खटका. एकदा नीट बसला की चामडी घट्ट ओढल्यासारखी वाटते, थोडी झिणझिण होते आणि मग आतून ऊब पसरते. काढताना टोपीवरची खुंटी वर उचलायची, हवा आत गेली की कप आपोआप सुटतो. खेचून काढायचा नाही, सोलून निघेल. दुसऱ्या दिवशी पाठीवर गोल गोल काळेनिळे डाग. पहिल्या वेळी प्रेसमधल्या पोराने शर्टाच्या मागून डोकावणारे डाग पाहिले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?"

तुला आपल्या आठवडी बाजारातला वैदू आठवतो का रे? पिंपळाखाली पोतं पसरून बसायचा, पुढे जडीबुटी, बाजूला शिंग आणि भोपळ्याची तुंबडी. आबांच्या गुडघ्याला त्याने शिंग लावलं होतं. टोकाच्या भोकातून तोंडाने हवा ओढून घेतली आणि मेणाने ते बंद केलं. आपण दोघं तोंड उघडं टाकून बघत होतो. हे प्लॅस्टिकचे कप त्याच शिंगाचे वंशज. सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि भोपळा असे तिन्ही प्रकार रक्त काढण्यासाठी सांगितलेत. भोपळ्यात जळता दिवा ठेवून आतली हवा विरळ करायची युक्तीही तिथे आहे. युनानीत हिजामा आहे, म्हणजे कप लावून रक्त काढणं, चीनमध्ये ही पद्धत शेकडो वर्षांपासून चालत आलेली. आपल्याकडे वैदू दिसेनासे झाले तेव्हा ते मागासलेपण ठरलं, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर तेच गोल डाग जगाने टीव्हीवर पाहिले तेव्हा ती थेरपी झाली. असो.

आता व्हिडिओवाले काय सांगतात ते ऐकून घे आणि सोडून दे. डाग जितका काळा तितकी आतली घाण बाहेर आली, असं ते म्हणतात. घाणबिण काही नाही. ओढ बसली की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळतं. ठेच लागल्यावर काळंनिळं होतं तेच हे. आठ-पंधरा दिवसांत जिरून जातं. शरीरातली घाण काढायला मूत्रपिंड आणि यकृत बसलेत. डाग काळा व्हावा म्हणून वहिनी जास्त खटके ओढायला लागल्या तर त्यांना हे वाचून दाखव.

मग आराम पडतो तो कशाने? पुतणी म्हणते, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. ओढ बसल्याने त्या जागी रक्त वाढतं, कातडीकडून मेंदूकडे दुसऱ्या संवेदनांची गर्दी जाते आणि दुखण्याचा आवाज तेवढ्यापुरता दबतो, असं मानतात. अभ्यास बरेच झालेत, पण त्यात एक मोठी गोची आहे. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, खोटा कप कसा लावणार? जर्मनीत त्यांनी भोक पाडलेले कप वापरले, म्हणजे ओढ टिकतच नाही. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखण्याचा आजार असलेल्यांवर ते लावून पाहिले. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कपवाल्यांना बरं वाटलं खरं, पण खरा कप आणि भोकाचा कप यांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

दुसरा अभ्यास तर थेट तुझ्यामाझ्यासारख्यांचाच. तोही जर्मनीतलाच, २०१३ साली छापून आलेला. मान कायमची दुखणारी ६१ माणसं घेतली. निम्म्यांना घरच्या माणसाने तेल लावून कप फिरवायचा, आणि निम्म्यांनी एकेक स्नायू आवळायचा आणि सैल सोडायचा, असा शिथिलीकरणाचा व्यायाम घरी करायचा. हे १२ आठवडे चाललं. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. कपवाल्यांना एकंदरीत तब्येत जरा जास्त बरी वाटली. हे पुतणीने सांगितल्यावर सुनंदा म्हणाली, "म्हणजे मी रविवारी तासभर राबते ते फुकटच?" मला तसं वाटत नाही. कुणीतरी टीव्ही बंद करून, हातात तेल घेऊन आपल्या पाठीपाशी बसतं, याचंही औषध होत असेल. पण पैसे खर्च करण्याआधी तुला हे माहीत असावं.

माझा अनुभव सांगायचा तर कप काढल्यावर खांदा सैल पडतो आणि तो सैलपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत, फार तर एखाददुसरा दिवस आणखी टिकतो. त्याच वेळात मी मान हळूहळू दोन्हीकडे वळवतो, हनुवटी मागे ओढतो, खांदे मागून गोल फिरवतो, दारात उभा राहून चौकटीला हात टेकवून छाती ताणतो. एरवी जे करताना कळ यायची ते तेव्हा होतं. माझ्यापुरता कपाचा उपयोग तेवढा. ज्या आठवड्यात कप लावून मी नुसता लोळलो, त्या आठवड्यात बुधवारी खांदा पुन्हा होता तसा.

मिरजेतून होकार आला तर मग आण. सुरुवातीला फक्त एक-दोन खटके, कातडी जरा वर आली की बास. पहिल्या वेळी तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली, पुढेही दहाच्या वर नाही. कप लावून झोपून जायचं नाही, आणि वहिनींनी मधे भाजी फोडणीला टाकायला उठायचं नाही, कारण कप फार वेळ राहिला की पाण्याचे फोड येतात. मणक्यावर लावायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर. मानेच्या पुढच्या बाजूला चुकूनही नाही. फुगलेल्या शिरा, चामखीळ, गळू, खरचटलेली जागा सोडून द्यायची. बागेत काम करून तुझ्या हातापाठीवर ओरखडे असतातच, ते भरल्याशिवाय नको. आधीचा डाग गेल्याशिवाय त्याच जागी दुसऱ्यांदा नको. कप साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून ठेवायचे आणि शेजारीपाजारी फिरवायचे नाहीत. चक्कर आली किंवा सहन होईना, तर ताबडतोब खुंटी उचलायची. सहन करण्यात मर्दुमकी नाही.

स्पिरिटचा बोळा पेटवून काचेचे पेले लावतात तसं तर घरात करूच नका. तेल लावलेली पाठ, वहिनींचा पदर आणि पेटता बोळा, मला नुसतं लिहितानाच नको वाटतंय. आणि ब्लेडने चिरे देऊन रक्त काढणारा कुणी गावात आला तर त्याला दारातूनच वाटेला लाव. ब्लेड कुणाच्या रक्तातून आलंय हे कळत नाही, आणि कावीळ, एचआयव्ही हे सगळं त्यातूनही पसरू शकतं. शिकलेले हकीम ते करतात ते वेगळं, ते त्यांच्या दवाखान्यात.

काकूंच्या गुडघ्यालाही लावावं असं तुझ्या डोक्यात असेल, कारण तू एकदा सेट आणलास की घरातल्या कुणालाच सोडणार नाहीस. काकूंना नाही. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि या वयात कातडी कागदासारखी होते, जरा ओढ बसली की हातभर काळंनिळं होईल. त्यांना गरम पाण्याची पिशवी बरी, तीही टॉवेलात गुंडाळून. तुमच्या शेजारच्या अण्णांना साखरेमुळे पायाला स्पर्श कळत नाही म्हणत होतास, त्यांनाही नाही. किती ओढलं जातंय हेच ज्याला कळत नाही, त्याला कप कसला लावायचा?

आता जरा चिडून लिहितो, राग मानू नकोस. तुझं दुखणं येतं कुठून? मांडवाखाली सकाळपासून हात डोक्याच्या वर, मान मागे टाकलेली, नजर घडावर. मणी काढायचे, मग डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवताना, पुन्हा तीच पोझ. छाटणीलाही तेच. या खांद्याला रविवारी दहा मिनिटं कप लावून सोमवारी पुन्हा दिवसभर हात वर ठेवलेस, तर जर्मनीतून डॉक्टर आणला तरी काही व्हायचं नाही. घड हाताशी येतील असा बुटका पाट किंवा स्टूल घे, मान कमी मागे जाईल. एका ओळीनंतर हात खाली सोडून खांदे फिरव. एकाच हाताने कात्री चालवतोस ती थोडा वेळ डाव्या हातात घेऊन बघ, मणी दोन-चार जास्त उडतील. फवारणीचा दिवस आणि थिनिंगचा दिवस आलटून पालटून ठेवता येतो का बघ. आणि तुझ्या बागेत थिनिंगला येणाऱ्या बायका, त्या तर हाच हात वर करून या बागेतून त्या बागेत जातात. त्यांचे खांदे काय म्हणत असतील? दुपारी जेवणानंतर जरा लवकर हाक मारायची सवय आहे तुला, तेवढी सोड.

पुतणीचा नंबर वहिनींच्या मोबाइलवर टाकतो. ती शनिवारी दुपारपर्यंत दवाखान्यात असते, मालाची गाडी सांगलीला निघेल त्याच गाडीने जा. गेल्या वर्षी मानेचा एक्स-रे काढला होतास तो कपाटात असेल, तो आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ने. मुंग्या कधी येतात, झोपेत की काम करताना, एका बाजूला मान वळवली की वाढतात का, हे दोन-तीन दिवस बघून ठेव, ती पहिल्यांदा तेच विचारेल. जाऊन आलास की फोन कर, पण रात्री आठनंतर, तेव्हा मशीन बंद असतं.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आमच्या दोघांची आठवण सांग.

तुझा,
वसंता