चिऊ गाय झालीये, म्हणजे गायीचे मागचे पाय

ती. आबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर धड बोलताच आलं नाही, चिऊ मधेमधे ओरडत होती, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच काढते. आई, तू विचारत होतीस ना तिला नाटकात काय काम मिळालं, तर ती गाय झालीये. म्हणजे गायीचे मागचे दोन पाय, पुढचे पाय आणि तोंड दुसऱ्या मुलीकडे. तू हसशील, पण इथे इंग्लंडात पँटोत, म्हणजे ख्रिसमसच्या दिवसांतल्या गाण्या-विनोदाच्या पँटोमाइम नाटकात, गाय हे मोठं मानाचं काम आहे, हिरोपेक्षा जास्त प्रेम लोक गायीवर करतात आणि तालमी बघून मला ते पटलंय.

डिसेंबर आला की इथे गावोगावी पँटोमाइम लागतं, शहरातल्या थिएटरात टीव्हीवरचे नट घेऊन आणि आमच्यासारख्या ठिकाणी व्हिलेज हॉलमध्ये हौशी मंडळींचं. ख्रिसमसला असलं तरी येशूच्या जन्माचं काही नसतं त्यात, सिंड्रेला, अलादीन, डिक व्हिटिंग्टन अशा गोष्टी असतात. आमच्या ग्रुपचं यंदा जॅक अँड द बीनस्टॉक आहे, गाय विकून जादूच्या बिया आणणाऱ्या मुलाची गोष्ट, आणि सगळी कामं मुलंच करतायत. जॅक म्हणजे एक उंच मुलगी, गुडघ्यापर्यंत बूट घालून मांडीवर थाप मारत येते, हिरोचं काम मुलीने करायची जुनी रीतच आहे. आणि जॅकची आई म्हणजे डेम, ते काम पुरुषाने करायचं, आमच्याकडे एक १५ वर्षांचा मुलगा करतोय. आबा, तो भडक गाऊन आणि हा एवढा विग घालून कंबरेवर हात ठेवून पहिल्यांदा आला ना, तेव्हा मला थेट तमाशातल्या गवळणीतली मावशीच आठवली, तोच ठसका, तेच लोकांशी सरळ बोलणं, तेच समोर बसलेल्या एखाद्या काकांना पकडून चिडवणं. डॅन लेनो नावाच्या नटाने लंडनच्या ड्रुरी लेनला १८८८ पासून पुढे बरीच वर्षं ही डेमची कामं गाजवली म्हणे, तुम्हाला आवडला असता तो.

अजून एक खास तुमच्यासाठी. १८४३ पर्यंत इंग्लंडात संवाद असलेली नाटकं करायचा हक्क मोजक्याच थिएटरांना होता, त्या साली कायदा बदलला आणि मग बाकीच्या ठिकाणीही पँटोत बोलणं, शाब्दिक कोट्या वगैरे वाढलं. आणि त्याच १८४३ मध्ये आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं! मी हे चिऊच्या दिग्दर्शिका बाईंना सांगितलं, त्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या तालमीला सगळ्या मुलांना सांगितलं, मला इतकं छान वाटलं.

पण खरी मजा प्रेक्षकांची. इथे गप्प बसायचंच नाही. खलनायक आला की बू करायचं, तो नेहमी नटाच्या डाव्या हाताकडून येणार आणि परी उजवीकडून, हेही ठरलेलं. कोणी म्हणालं ओ नो इट इजंट की सगळ्या हॉलने ओ येस इट इज ओरडायचं, भूत मागे उभं असेल तर ही इज बिहाइंड यू. आता तालमीत हे कोण ओरडणार, म्हणून बाईंनी आम्हा पालकांना खुर्च्यांवर बसवून ओरडायला लावलं, तुमचे जावई तर इतके रंगात आले की घसाच बसला त्यांचा. पण त्यातून मुलं शिकतात काय बघा, ओरडा आला की थांबायचं, पुढचं वाक्य घाईने रेटायचं नाही, मुद्दाम चुकीच्या बाजूला वळून बघायचं म्हणजे पोरं अजून ओरडतात, आणि आवाज उतरायला लागला की नेमकं तेव्हा बोलायचं. आबा, तुम्ही म्हणायचात ना की हशा पिकू द्यावा, कापू नये, ते इथे ११ वर्षांच्या पोराला जमतंय. तोच खलनायक आहे, एरवी एकदम मऊ मुलगा, पण जितकं बू जास्त तितकं काम चांगलं हे त्याला कळल्यापासून मिशी पिळून फिरतोय नुसता.

चिऊचं काम अवघड आहे हं. कमरेत वाकून पुढच्या मुलीची कंबर धरायची, दिसत काहीच नाही, आत गरम होतं, पुढची हळू आवाजात वन टू म्हणते त्यावर पाय टाकायचे. मग नाचताना मागचे पाय मुद्दाम उशिरा पडतात आणि लोक हसतात, ते उशिरा पडणं सुद्धा मोजून बसवलंय दोघींनी, रोज घरी सोफ्याभोवती चाललेलं असतं. पुढे जॅक गायीला बाजारात विकतो तेव्हा डेम गळ्यात पडून रडते, त्या सीनला माझ्या डोळ्यात पाणी येतं, खोटं नाही सांगत.

नियम पण कडक आहेत. कौन्सिलची परवानगी, १२ मुलांमागे निदान एक चॅपरोन, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणारं मोठं माणूस, ते काम मी घेतलंय. नाटकातल्या शेवटच्या दोन ओळी पहिल्या प्रयोगापर्यंत कोणी म्हणत नाही, अपशकुन होतो म्हणे, त्यामुळे शेवट काय आहे हे चिऊलाही माहीत नाही. प्रयोग ख्रिसमसच्या आधीच्या शनिवार-रविवारी आहेत, मध्यंतरात चहा, आइस्क्रीम आणि रॅफल म्हणजे तिकिटांची सोडत, बक्षिसं गावातल्या दुकानांनी दिलीयेत.

व्हिडिओ मात्र पाठवता येणार नाही आबा, लहान मुलं असल्यामुळे शूटिंगला बंदी आहे, आणि मला ते बरोबरच वाटतं. म्हणून पुढच्या डिसेंबरला तुम्ही दोघं इकडे याच. आईचे गुडघे तोवर बरे होतील, हॉलमध्ये पुढच्या रांगेच्या खुर्च्या मी आधीच सांगून ठेवीन, तुम्ही आधी पासपोर्टची तारीख बघा आणि मला कळवा, बाकीचं आम्ही करतो.

तुमची,
मनू