लक्षद्वीप सहलीच्या चुकीच्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फेब्रुवारी २०२५ मधील लक्षद्वीप जहाज सहल – चुकीच्या माहितीमुळे झालेले नुकसान, भरपाई आणि माहितीपत्रकातील दुरुस्ती

महोदय,

आपल्या सातारा कार्यालयातून आम्ही कोचीहून निघणारी कल्पेनी, मिनिकॉय आणि कवरत्ती या तीन बेटांची जहाजाची सहल घेतली. पैसे चौघांचे भरले, गेलो तिघे. जहाजावरचे कर्मचारी आणि बेटांवरची माणसे यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, उलट त्यांनीच आम्हाला सांभाळून घेतले. माझी तक्रार आहे ती बुकिंगच्या वेळी आपण हातात दिलेल्या चार पानी माहितीपत्रकाबद्दल आणि सोबत पाठवलेल्या टूर मॅनेजरबद्दल.

पहिल्याच पानावर लिहिले आहे की प्रवेशाची परवानगी ‘पोहोचल्यावर विनामूल्य मिळते’. लक्षद्वीपला असे काही नसते. तिथे बाहेरच्या प्रत्येकाला आधी परवाना काढावा लागतो, १९६७ पासून तसा नियमच आहे, आणि कोणत्या बेटांवर जायचे ते परवान्यात नोंदलेले असते. निघायला अकरा दिवस उरले असताना आपल्या कार्यालयातून फोन आला, की फोटो, ओळखपत्राच्या प्रती आणि पोलिसांचा दाखला ताबडतोब पाठवा. आमचे तिघांचे दाखले धावपळ करून मिळाले. मुलगा नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहतो, त्याचा दाखला वेळेत झाला नाही. त्याने सहा महिन्यांपूर्वी रजा मंजूर करून घेतली होती. तो घरीच राहिला आणि ‘ऐनवेळी रद्द’ म्हणून त्याचे ३४,००० रुपये आपण कापून घेतले.

ही चूक कुठून आली ते मला परत आल्यावर कळले. तिसऱ्या पानावर ‘स्थानिक चलन रुफिया, डॉलरही चालतात’ असे वाक्य आहे. रुफिया मालदीवचा! म्हणजे दुसऱ्या देशाचा कागद उचलून वरचे नाव तेवढे बदलले आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. लक्षद्वीप आणि मालदीव समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर आहेत, मिनिकॉयची महल भाषासुद्धा मालदीवच्या दिवेहीची बहीण, त्यामुळे दोन्हीकडचे फोटो सारखे दिसणारच. पण एकीकडे विमानतळावर उतरल्यावर व्हिसाचा शिक्का मिळतो आणि दुसरीकडे परवान्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. बुकिंग करताना मी हे दोनदा सांगितले होते. ‘जहाज थेट धक्क्याला लागते, ज्येष्ठांना काहीच त्रास नाही,’ असे तोंडी उत्तर मिळाले आणि माहितीपत्रकातही तेच छापले आहे. प्रत्यक्षात कल्पेनीला मोठे जहाज लगूनच्या, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्याच्या, बाहेर खोल समुद्रात थांबले. प्रवाळाच्या, म्हणजे इवल्या समुद्री जीवांनी बांधलेल्या, कड्यामुळे ते आत जाऊच शकत नाही. जहाजाच्या कुशीतला दरवाजा उघडला आणि खाली लहान बोट आली. लाटेबरोबर ती कधी उंबऱ्याला टेकायची, तर पुढच्याच क्षणी कमरेइतकी खाली जायची. बोट वर येईल तो क्षण साधून पाय टाकायचा. दोन खलाशी दोन्ही दंड धरून ‘अम्मा, अम्मा’ करत होते, पण सासूबाईंचा पाय उंबऱ्यावरून उचललाच गेला नाही. मागे रांग खोळंबली होती. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘तुम्ही जा, मी थांबते.’

कल्पेनीच्या दिवशी त्या केबिनमध्ये एकट्या होत्या. दुसऱ्या दिवशी मिनिकॉयलाही तसेच उतरायचे होते. तिथला १८८५ चा दीपस्तंभ त्यांनी डेकवरून पाहिला. हे आधी कळले असते तर आम्ही कोचीहून विमानाने लक्षद्वीपच्याच अगत्ती बेटावर गेलो असतो आणि तिथेच निवांत राहिलो असतो. तो पर्याय होता, खर्च जास्त असता तरी चालला असता. बोट लागण्याच्या गोळीबद्दलही माहितीपत्रकात अवाक्षर नाही. चौदा ते वीस तासांच्या समुद्रप्रवासात, पहिल्या रात्री, त्यांना चार उलट्या झाल्या.

आता टूर मॅनेजरबद्दल. कल्पेनीच्या लगूनमध्ये ओहोटीच्या वेळी पाणी गुडघ्याएवढे होते. त्याने आमच्या गटाला ‘त्या दगडांवर उभे राहा, फोटो छान येईल’ असे सांगितले. ते दगड नव्हते, जिवंत प्रवाळ होते. सात-आठ जण चढले आणि पायाखाली पापड मोडावा तसा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बोटीवरचा स्थानिक मुलगा ओरडत धावत आला आणि त्याने सगळ्यांना खाली उतरवले. गोल डोक्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. पाणी तापून १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये तिथले प्रवाळ पांढरे पडले, आणि त्यातून जे तगले त्यावर आपली माणसे पाय देऊन उभी होती. माझ्या यजमानांच्या तळव्याला काप गेला. तो चिघळला आणि भरायला तीन आठवडे लागले. पाण्यात घालायचे बूट आणा, एवढी एक ओळ माहितीपत्रकात असती तरी पुरे होते. शिवाय याच मॅनेजरने किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे ‘आठवण म्हणून’ पिशवीत घ्यायला सांगितले. जिवंत असो की मेलेले, प्रवाळ उचलून नेणे गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. दोघी-तिघींना मी स्वतः ते तुकडे परत टाकायला लावले. कोणी पकडले गेले असते तर आपला मॅनेजर पुढे आला असता का?

रोख पैसे, जहाजावर नसलेले नेटवर्क, गावातून फिरताना अंगभर कपडे, यांबद्दलही माहितीपत्रक गप्प आहे. ते आम्ही निभावून नेले.

माझ्या मागण्या अशा. मुलाचे ३४,००० रुपये पूर्ण परत करावेत, कारण दाखल्याला उशीर आपल्या माहितीमुळे झाला. सासूबाईंना दोन बेटांवर उतरता आले नाही, त्या दिवसांचे पैसे परत करावेत. हे माहितीपत्रक आजपासून वाटणे बंद करावे आणि नवे काढताना लहान बोटीत उतरण्याची गोष्ट पहिल्या पानावर ठळक छापावी, म्हणजे घरात म्हातारे माणूस असेल तर लोक आधी विचार करतील. आणि ज्याला प्रवाळ आणि दगड यांतला फरक माहीत नाही अशा माणसाला गटासोबत पाठवू नये.

माहितीपत्रकाची प्रत, पावत्या, पोलिसांच्या दाखल्यांवरील तारखा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे. कळावे.

आपली,
एक ग्राहक, सातारा
(नाव व दूरध्वनी बुकिंगच्या नोंदीप्रमाणे)